एका तालुक्याचे जीवाणू

एडवण हे पालघर तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. सफाळे स्टेशनावर उतरून पश्चिमेला गेले की लागते. आशापुरीचे देऊळ, नारळी-केळीच्या वाड्या, मच्छीमारांची वस्ती. दक्षिणेला दातिवरे आणि वैतरणेचे मुख, उत्तरेला केळवे, माहीम, सातपाटी. सातपाटीची खाडी ओलांडली की मुरबे, आलेवाडी, नवापूर आणि नवापूरच्या पाठीमागे बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत. सगळे मिळून अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. एवढ्याशा पट्ट्यात भातशेती आहे, पानवेली आहेत, परसातल्या कोंबड्या आहेत, पोल्ट्रीच्या शेड आहेत, गाई-म्हशी आहेत, कोलंबीचे तलाव आहेत, मासळीबाजार आहेत, दवाखाने आणि मेडिकलची दुकाने आहेत. आणि जी औषधे या सगळ्यांकडे जातात, त्यांतल्या काहींची मूळ द्रव्ये तयार करणारे कारखानेही इथेच आहेत.

प्रतिजैविकांचा असा संपूर्ण संसार एका तालुक्यात सहसा सापडत नाही. पण त्याचा हिशेब ठेवणारे कुणी एक नाही. रुग्णाचे औषध आरोग्य खात्याकडे, औषधाचे दुकान अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हैस आणि कोंबडी पशुसंवर्धनाकडे, मासळी मत्स्यव्यवसायाकडे, फवारणी कृषी खात्याकडे, कारखान्याचे सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. गोठ्यातल्या शेणातला जीवाणू पावसाच्या पाण्याबरोबर ओहोळात जातो, ओहोळातून खाडीत, खाडीतून कोलंबीवर आणि तिथून कोलंबी सोलणाऱ्या हातांवर. त्याच्या या प्रवासाची नोंद सहा दप्तरांत वाटली गेली आहे आणि बहुतेक दप्तरांत ती केलेलीच नाही. प्रस्तुत पुस्तकाचा जन्म या अडचणीतून झाला. औषधांना दाद न देणारे जीवाणू हा केवळ रुग्णालयाचा प्रश्न समजला, तर त्याचा मोठा भाग कायमचा नजरेआड राहतो, ही या पुस्तकाची भूमिका आहे.

विषयाला नव्याने भिडणाऱ्या वाचकाने सुरुवात प्रयोगशाळेतल्या टेबलापासून करावी. लघवी, रक्त किंवा जखमेतल्या पुवातून वाढवलेले जीवाणू कापसाच्या बोळ्याने एका चपट्या बशीतल्या जेलीवर सारखे पसरले जातात. त्यावर 6 मिलिमीटर व्यासाच्या पांढऱ्या कागदी चकत्या ठेवतात. प्रत्येक चकतीत एकेक औषध मुरवलेले असते. बशी 35 अंशांच्या उबेत 16 ते 18 तास ठेवली की जीवाणूंची साय धरते. जिथे औषध चालते तिथे चकतीभोवती जीवाणू वाढत नाहीत, स्वच्छ वर्तुळ राहते. तंत्रज्ञ ते पट्टीने मोजतो. आतड्यातल्या नेहमीच्या ई. कोलाय जीवाणूसाठी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या चकतीभोवती 23 मिलिमीटर किंवा त्याहून मोठे वर्तुळ आले तर औषध लागू आहे. 19 किंवा त्याहून कमी आले तर नाही. रुग्णाच्या नातेवाइकांच्या हातात पडणाऱ्या 'कल्चर रिपोर्ट'वर पुढे जे ‘सेन्सिटिव्ह’ आणि ‘रेझिस्टंट’ असे दोन रकाने दिसतात, त्यांच्या मागे हे चार-पाच मिलिमीटर असतात. हल्ली अनेक बशांमध्ये एकही वर्तुळ दिसत नाही. साय थेट चकतीच्या कडेपर्यंत येते.

जीवाणू असे होतात तरी कसे? औषध त्यांना निगरगट्ट बनवते, हा लोकांत रूढ असलेला समज अर्धाच खरा आहे. एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या दांपत्याने 1952 साली दाखवून दिले की औषधाचा स्पर्शही न झालेल्या जीवाणूंच्या गर्दीत त्याला पुरून उरणारे मोजके जीवाणू आधीपासून असतात. औषध येते तेव्हा बाकीचे मरतात आणि या मोजक्यांना सगळे रान मोकळे मिळते. कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या 30,000 वर्षे गोठलेल्या मातीतही प्रतिजैविकांना निष्प्रभ करणारी जनुके सापडली, हे 2011 साली प्रसिद्ध झाले. बुरशी आणि मातीतले जीवाणू एकमेकांविरुद्ध ही रसायने कोट्यवधी वर्षे वापरत आले आहेत. माणसाने ती उचलली आणि टनावारी वापरली.

खरा धक्का जपानमधून आला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे आमांशाच्या साथींवर आधी सल्फा, मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल अशी औषधे वापरली गेली आणि पाहता पाहता चारही औषधांना एकदम न जुमानणारे शिगेला जीवाणू दिसू लागले. 1959 च्या सुमारास जपानी संशोधकांनी सिद्ध केले की ही क्षमता आतड्यातल्या निरुपद्रवी ई. कोलायकडून शिगेलाकडे संपूर्ण संच म्हणून सरकते. दोन जीवाणू एकमेकांना चिकटतात आणि प्लास्मिड नावाचे डीएनएचे छोटे कडे एकातून दुसऱ्यात जाते. वंशावळ लागत नाही, जातही आड येत नाही. या पुस्तकातले जवळजवळ सगळे पुढचे विवेचन या शोधावर उभे आहे. कोंबडीच्या आतड्यातला साधा जीवाणू माणसाला आजारी पाडत नसला, तरी तो आपले प्लास्मिड आजारी पाडणाऱ्याला देऊ शकतो.

इशारे वेळेवर मिळाले होते. पेनिसिलिन तोडणारे विकर अब्राहम आणि चेन यांनी 1940 सालीच, म्हणजे औषध बाजारात येण्याआधी, टिपले होते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेचा धोका सांगितला. पण त्या वेळी भारताची चिंता वेगळी होती: औषध मिळतच नव्हते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने 1954 साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. तिथल्या प्रयोगशाळेत हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध सापडले. एका पिढीने न्यूमोनिया, बाळंतरोग आणि विषमज्वर यांनी होणारे मृत्यू आवरलेले पाहिले, त्यात पिंपरीचा वाटा होता. महाराष्ट्रातल्या प्रतिजैविकांच्या इतिहासाची सुरुवात या अभिमानास्पद पानापासूनच करायला हवी, कारण ते पान गाळले तर ही औषधे जपायची कशासाठी हेच कळणार नाही.

पुढची पाने मुंबईत लिहिली गेली. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात 2009 च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात कार्बापेनेम गटाच्या, म्हणजे शेवटच्या फळीतल्या औषधांना दाद न देणारे 24 जीवाणू तपासले गेले. त्यांतल्या 22 मध्ये एनडीएम-1 (न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज-1) हे नवे जनुक निघाले. पायल देशपांडे, कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांचा हा निबंध भारतीय फिजिशियनांच्या संघटनेच्या नियतकालिकात मार्च 2010 मध्ये छापून आला. त्याच महिन्यात डॉ. अब्दुल गफूर यांचे प्रतिजैविकांचा मृत्युलेख अशा आशयाचे संपादकीयही आले. काही महिन्यांनी ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात या जनुकाचा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला आणि देशात गदारोळ उठला, तो मुख्यतः जनुकाच्या नावात दिल्ली कशी आली यावरून. मुंबईच्या डॉक्टरांनी तेच आधी सांगितले होते, ही गोष्ट त्या गदारोळात हरवली. दोन वर्षांच्या आत हिंदुजातल्याच डॉ. झरीर उदवाडिया यांनी उपलब्ध सगळ्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले. तेव्हाही वाद रंगला तो ‘पूर्णतः औषधरोधी’ या संज्ञेवर. या दोन्ही प्रसंगांत जो वेळ शब्दांवर गेला तो मोजणीवर जायला हवा होता, असे या प्रस्तावनेचे स्पष्ट मत आहे.

मोजणी सुरू झाली ती 2013 नंतर, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने रुग्णालयांचे जाळे उभे केल्यावर. तिच्या 2021 च्या अहवालात इमिपेनेम या औषधाला बळी पडणारे ई. कोलाय जीवाणू 2016 मधल्या 86 टक्क्यांवरून 64 टक्क्यांवर आले होते. क्लेबसिएला या जीवाणूच्या बाबतीत हा आकडा 65 वरून 43 वर घसरला होता. हे मोठ्या रुग्णालयांतले, आधीच बरीच औषधे घेऊन आलेल्या रुग्णांचे आकडे आहेत. पालघर-डहाणूच्या पाड्यावरून पहिल्यांदाच दवाखान्यात आलेल्या बाईच्या लघवीतल्या जीवाणूचे ते चित्र नव्हे. पण सफाळ्याचा किंवा बोईसरचा डॉक्टर औषध निवडतो तेव्हा त्याच्यासमोर हेच आकडे असतात, किंवा कुठलेच नसतात.

या प्रश्नाच्या अभ्यासकांचे तीन पंथ आहेत; रुग्णालयाकडून पाहणाऱ्यांचा हा पहिला. त्यांचा भर हात धुण्यावर, कल्चर करूनच औषध देण्यावर आणि विक्रीच्या शिस्तीवर असतो. कायद्याने काही प्रयत्न झाले आहेत. 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या ‘एच-1’ अनुसूचीत 46 औषधे आली. त्यांच्या पाकिटावर लाल पट्टी आणि आरएक्स चिन्ह असते. विक्रेत्याने रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. सेफिक्झिम त्यात आहे, लिव्होफ्लॉक्सासिन आहे, क्षयाची औषधे आहेत. सर्दी-खोकल्याला ज्याचे तीन गोळ्यांचे पाकीट हमखास हातात पडते ते अ‍ॅझिथ्रोमायसिन त्या यादीत आले नाही. 2019 च्या खासगी बाजारातील विक्रीच्या आकड्यांवरून केलेल्या अभ्यासात देशात सर्वाधिक खपणारे प्रतिजैविक तेच निघाले. केरळने 2018 मध्ये स्वतःचा राज्य आराखडा केला आणि 2024 मध्ये ‘ऑपरेशन अमृत’ नावाने चिठ्ठीविना विकणाऱ्या दुकानांवर धाडी घातल्या. दुकानदाराला एकट्याला दोषी धरून मात्र भागत नाही. रोजंदारीवरच्या माणसाला डॉक्टरची फी आणि दिवसाचा खाडा दोन्ही परवडत नाहीत, म्हणून तो “ताप उतरणारी गोळी द्या” म्हणत काउंटरवर येतो. बरे वाटल्यावर उरलेल्या गोळ्या घरातल्या दुसऱ्याच्या तापाला लागतात.

दुसरा पंथ गोठ्यातून आणि शेडमधून पाहणाऱ्यांचा. ब्रिटनच्या स्वान समितीने 1969 मध्येच सांगितले की माणसांना लागणारी औषधे जनावरांचे वजन वाढवण्यासाठी वापरू नयेत. अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांनी 1970 च्या दशकात एका कोंबडी-फार्मवर खाद्यात टेट्रासायक्लिन घालून पाहिले. कोंबड्यांच्या पाठोपाठ काही महिन्यांत फार्मवर राहणाऱ्या माणसांच्या आतड्यांतले जीवाणूही औषधाला जुमानेनासे झाले. डेन्मार्कने 1995 मध्ये वाढीसाठी दिल्या जाणाऱ्या एव्होपार्सिन या प्रतिजैविकावर बंदी घातली, संपूर्ण युरोपीय संघाने 2006 मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके देणे थांबवले. भारतात 2014 साली दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने राजधानी परिसरातले कोंबडीचे 70 नमुने तपासले, त्यांतल्या 40 टक्क्यांत औषधांचे अंश होते. मग 2015 मध्ये चीनमधून बातमी आली की कोलिस्टिन या अगदी शेवटच्या औषधाला निकामी करणारे जनुक डुकरांत आणि रुग्णांत प्लास्मिडवर फिरते आहे. भारताने जुलै 2019 मध्ये खाद्य-प्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. निर्णय योग्य होता. तोवर हे औषध वर्षानुवर्षे कोंबड्यांच्या खाद्यातून जात होते.

करारावर पिल्ले वाढवणाऱ्या शेतकऱ्याच्या बाजूनेही हे पाहायला हवे. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषधही कंपनीचे. पाच-सहा आठवड्यांत लॉट उचलला जातो आणि मर किती झाली यावर त्याचे पैसे ठरतात. गोण्यांवर काय लिहिले आहे ते वाचून नाही म्हणण्याची सोय त्याला नसते. म्हैसवाल्याची अडचण दुसरी. दगडी, म्हणजे कासेचा दाह, झालेल्या म्हशीच्या सडात औषधाची ट्यूब सोडल्यावर ठरावीक दिवस दूध काढून टाकायचे असते. घरात रोज येणारा पैसा त्या दुधाचाच असेल तर ते गटारात ओतायला हात धजावत नाही. भरपाईची व्यवस्था नसताना नियम फक्त भिंतीवर राहतो.

महाराष्ट्राचे एक खास उदाहरण या पुस्तकाच्या मध्यभागी आहे, आणि ते प्राण्यांचे नाही. डाळिंबावरचा तेल्या हा जीवाणूजन्य रोग. सोलापूर, सांगोला, नाशिककडच्या बागाइतदारांनी तो येताच बागा तोडल्या आहेत. त्यावर फवारले जाणारे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण 6 ग्रॅमच्या छोट्या पुडीत मिळते, पंपात विरघळवतात आणि पानाफळांवर मारतात. त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उत्पादन पिंपरीच्या त्याच सरकारी कारखान्याचे. क्षयरोग्यांसाठी जे औषध देशात बनावे म्हणून धडपड झाली, ते बागेत धुक्यासारखे उडू लागले. डिसेंबर 2021 मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने हे मिश्रण टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. 2024 च्या सुरुवातीपासून वापर पूर्ण थांबावा, असे त्यात होते. बागाइतदाराचा प्रश्न साधा आणि रास्त आहे: मग तेल्याला मारू काय? रोगमुक्त रोपे, बहार धरण्याची वेळ, छाटणीची हत्यारे निर्जंतुक करणे, रोगट फांद्या जाळणे, बोर्डो मिश्रण ही उत्तरे आहेत, पण ती कष्टाची आहेत आणि पुडी स्वस्त आहे.

किनाऱ्यावर हाच प्रश्न मासळीच्या रूपाने येतो. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मुंबईच्या बाजारातली ताजी मासळी तपासून 2017 मध्ये दाखवले की तिच्यावरचे आतड्यातल्या गटाचे अनेक जीवाणू तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनांना फोडून टाकणारी विकरे तयार करतात. हे जीवाणू माशाचे नव्हेत. ते मैलामिश्रित पाण्यातून, बर्फातून, टोपलीतून, हातांतून येतात. मासा शिजला की मरतात; धोका साफ करताना, सुरी-पाट आणि कोशिंबीर एकत्र आल्यावर असतो. कोलंबीच्या तलावांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे औषध मुद्दाम पाण्यात पडू शकते. किनारी मत्स्यशेतीच्या नियमांनी क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान आणि इतर अनेक प्रतिजैविके वर्ज्य ठरवली आहेत. युरोपीय संघाने 2016 मध्ये भारतीय कोलंबीच्या तपासणीचे प्रमाण 10 वरून 50 टक्के खेपांवर नेले. निर्यातीचा माल प्रयोगशाळेतून जातो. सफाळ्याच्या किंवा पालघरच्या बाजारात कोलंबी विकत घेणाऱ्या बाईसाठी तसे काही होत नाही. तपासणी ग्राहकाच्या पैशामागे धावते, हे या क्षेत्रातले सगळ्यांत बोचणारे वास्तव आहे आणि पुस्तक ते लपवत नाही.

तिसरा पंथ पाण्याकडून येतो आणि तो सर्वांत तरुण आहे. स्वीडनचे योआकिम लार्सन आणि सहकारी यांनी 2007 मध्ये हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले. सुमारे 90 औषध कारखान्यांचे पाणी तिथे येत होते. बाहेर पडणाऱ्या ‘शुद्ध’ पाण्यात लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन निघाले. हे औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही इतके नसते. अशा पाण्यात जो जीवाणू टिकतो तो औषधाला जिंकूनच टिकतो.

तारापूरला सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल, रिफॅम्पिसिन अशा औषधांची मूळ द्रव्ये बनतात. शिवाय रंग, रसायने, कापड, पोलाद. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात हा पट्टा 93.69 गुणांसह देशात सर्वांत प्रदूषित ठरला. सामूहिक प्रक्रिया केंद्रातले पाणी नवापूरच्या समुद्रात जाते. मासळी मेली, जाळी काळी पडली, खाडीतली निवटी-चिंबोरी गेली, अशा तक्रारी घेऊन नवापूर-दांडी-मुरब्याच्या बाजूचे मच्छीमार वर्षानुवर्षे फिरले. शेवटी अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि जानेवारी 2022 मध्ये लवादाने शंभरहून अधिक कारखाने आणि प्रक्रिया केंद्र यांच्यावर मिळून दीडशे कोटींहून अधिक रुपयांची पर्यावरण-भरपाई बसवली. मच्छीमार समाजाने स्वतःच्या बळावर लढवलेला हा खटला महाराष्ट्राच्या पर्यावरण-इतिहासात ठळकपणे नोंदवला गेला पाहिजे.

त्या खटल्यात मोजमाप झाले ते सीओडी, बीओडी, आम्लता या ठरलेल्या मापांवर. सीओडी पाण्यात रासायनिक घाण किती हे सांगतो, त्यात प्रतिजैविक आहे की नाही ते सांगत नाही. केंद्र सरकारने जानेवारी 2020 मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर औषधागणिक मर्यादा घालणारा मसुदा काढला होता. तो जगात अशा प्रकारचा पहिला ठरला असता. ऑगस्ट 2021 च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा वगळल्या गेल्या. म्हणजे आज जे पाणी सीओडीच्या मापात बसते ते कायद्याने स्वच्छ आहे, मग त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर 2024 मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचना दिल्या. सूचना पाळणे ऐच्छिक असते. मर्यादा परत आणायला हव्यात, आणि त्या आणायच्या तर तारापूर ही त्यांची पहिली कसोटी असायला हवी.

शेताचा आणि पाण्याचा माणसांच्या आजारात नेमका किती वाटा, यावर अभ्यासकांत खराखुरा मतभेद आहे. पूर्व इंग्लंडमध्ये माणसांतले आणि गुराढोरांतले ई. कोलाय जनुकांच्या पातळीवर ताडून पाहिले गेले; 2019 मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार त्यांची घराणी बव्हंशी वेगळी होती. यावरून काही जण म्हणतात, गोठा सोडा, रुग्णालय सांभाळा. पण जिथे प्रत्येक घराचा मैला बंद गटारातून प्रक्रिया केंद्रात जातो तिथला निष्कर्ष, शौचखड्डे पावसाळ्यात तुडुंब भरून विहिरींच्या शेजारी झिरपतात तिथे जसाच्या तसा लावता येत नाही. नेदरलँड्समध्ये 2,000 प्रवाशांची सहलीआधी आणि नंतर तपासणी झाली. दक्षिण आशियात जाऊन परतलेल्यांपैकी 75 टक्के लोक सेफॅलोस्पोरिनांना दाद न देणारे जीवाणू आतड्यात घेऊन घरी गेले. त्यांतले बहुतेक रुग्णालयाची पायरीही चढले नव्हते. ते इथले पाणी प्याले होते आणि इथले अन्न जेवले होते, जे इथली माणसे रोज खातात-पितात.

आणखी एक प्रवाह आहे, त्याला पंथ म्हणण्यापेक्षा सगळ्यांना भानावर ठेवणारी नैतिक बाजू म्हणावी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1988 पासून गावातल्या आरोग्यसेवकांना बालन्यूमोनिया ओळखून को-ट्रायमोक्साझोल द्यायला शिकवले. बालमृत्यू घटल्याचे त्यांनी 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. पुढे आरोग्यदूत स्त्रियांनी जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळांना घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला सुरुवात केली आणि 1999 मध्ये नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे प्रसिद्ध झाले. ‘प्रतिजैविके कमी वापरा’ हे वाक्य शहरात उच्चारणाऱ्याने जव्हार-मोखाड्याच्या, विक्रमगडच्या पाड्यांवरचे बाळ डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे. तिथे दोन दिवस उशिरा मिळालेले औषध म्हणजे मृत्यू. एकाच पालघर जिल्ह्यात औषधाचा अतिरेक आणि औषधाचा अभाव, दोन्ही तासा-दोन तासांच्या अंतरावर आहेत. कुठलेही धोरण या दोन्हींना एकत्र पेलू शकले तरच ते कामाचे.

हे सगळे आत्ताच का? 2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे थेट झालेले मृत्यू जगभरात सुमारे 12.7 लाख आणि त्यांच्याशी संबंधित मृत्यू 49.5 लाख असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये 2022 साली आला. भारतासाठी हे आकडे अनुक्रमे सुमारे 2.97 लाख आणि 10.4 लाख आहेत. नवी औषधे फार सावकाश येत आहेत, कारण जे औषध जपून आणि क्वचितच वापरायचे त्यात कंपन्यांना नफा दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने सप्टेंबर 2024 मध्ये हे मृत्यू 2030 पर्यंत 10 टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठरवले. न्यूयॉर्कमध्ये ठरलेला हा आकडा तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत पोचेल तेव्हा त्याच्याकडे मोजायला काय असेल, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे.

म्हणून या पुस्तकाने आपली हद्द मुद्दाम लहान ठेवली आहे. एडवणपासून तारापूरपर्यंतचा पट्टा हा त्याचा कणा. डाळिंबासाठी ते घाट चढून सोलापूरला जाते, पूर्वपीठिकेसाठी पिंपरी आणि मुंबईतल्या माहीमला, तुलनेसाठी गडचिरोली आणि पाटणचेरूला. डॉक्टर, पशुवैद्य, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि मच्छीमार यांच्या बाजू त्यात शेजारी शेजारी आहेत आणि ते एकमेकांशी सहमत नसतील तिथे ती असहमती तशीच राहू दिली आहे. सूत्रे आणि जनुकांची नावे गरजेपुरती येतात. बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या वाचकाला कुठेही अडू नये, अशी खबरदारी घेतली आहे. पण सोपे करताना खोटे होऊ दिलेले नाही. जीवाणूंना खाणाऱ्या विषाणूंवर आधारलेले उपचार, लसींचा वाटा आणि क्षयरोगाचा संपूर्ण इतिहास या पुस्तकाने हाती घेतलेला नाही. त्यांना स्वतंत्र ग्रंथ हवेत.

वाचकाने पुस्तक कुठूनही सुरू करावे. दवाखान्यात काम करणाऱ्याने मात्र आधी सांडपाण्याचा भाग वाचावा, आणि कारखान्यात काम करणाऱ्याने नवजात बाळांचा. ग्रामपंचायतीच्या सदस्यांसाठी एक परिशिष्ट दिले आहे: विहिरीच्या पाण्याचा नमुना कसा घ्यायचा, बाटली किती वेळात प्रयोगशाळेत पोचायला हवी, जीवाणू-तपासणीत नेमके काय मागायचे, कारखान्याच्या सांडपाण्याचे अहवाल माहिती अधिकारात कोणाकडे मागायचे, आणि एच-1 ची वही पाहण्याचा अधिकार कोणाला आहे. ते परिशिष्ट फाडून ग्रामसभेत नेले तरी चालेल.